महामारीत भांडवल कशाला घाबरतं?

मंडळी, आजचा विषय अर्थशास्त्राचा आणि बोलणारा माणूस तत्त्वज्ञानाचा. त्यामुळे आकडे सांगेन, पण मोजके. भर राहील तो प्रश्नावर. प्रश्न असा आहे. साथ आली, माणसं मरू लागली, बाजार बंद पडला, तर अशा वेळी कोणी नवा कारखाना काढतो का? काढला तर कशाच्या जोरावर? आणि हात आखडता घेतला, तर नेमकं कशाला घाबरून?

हा प्रश्न मुकुटबनमध्ये विचारायला कारण आहे. आपल्या गावाजवळ सिमेंटचा जो मोठा प्रकल्प उभा आहे, तो उभारला गेला तोच मुळी करोनाच्या काळात. त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. बिर्ला कॉर्पोरेशनने ऑगस्ट २०१६ मध्ये रिलायन्सचा सिमेंट व्यवसाय सुमारे ४,८०० कोटी रुपयांच्या मूल्याला घेतला. त्याबरोबर चालू कारखाने आले आणि मुकुटबनचा न झालेला प्रकल्पही आला. पुढे वर्षाला ३९ लाख टन सिमेंटची क्षमता आणि सुमारे २,४५० कोटी रुपये खर्च, असा बेत ठरला. काम सुरू झालं आणि अर्ध्यात असताना मार्च २०२० उजाडला. काम लांबलं, खर्च २,७०० कोटींच्या पुढे गेला, पण प्रकल्प सोडून दिला गेला नाही. २०२२ मध्ये उत्पादन सुरू झालं.

आता ह्याकडे दोन तऱ्हांनी बघता येतं. एक म्हणेल, काय हिंमत! दुसरा म्हणेल, हिंमत कसली, पैसा अडकला होता, करतात काय? मला वाटतं दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे आणि दोघांच्याही हातून मुख्य गोष्ट निसटते. ती धरायची तर सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल, आणि सुदैवाने तो रस्ताही आपल्याच भागातून जातो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. काही महिन्यांत लाखो माणसांनी मुंबई सोडली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजारांच्या वर होती, १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटते, ही साधी गोष्ट नव्हे. गिरण्यांचे भोंगे वाजत होते, पण आत जायला माणूस नव्हता. त्या काळी गिरणीमालक कामगाराचा पगार महिना-दीड महिना मागे ठेवून देत, म्हणजे तो पळून जाऊ नये. प्लेगमध्ये कामगार म्हणाला, उद्या मी जिवंत असेन की नाही कोण जाणे, आजचे पैसे आजच द्या. मालकांना रोजच्या रोज पगार द्यावा लागला, वर जास्तीचे पैसे द्यावे लागले. गिरण्यागिरण्यांमध्ये मजुरांसाठी ओढाओढ झाली. म्हणजे बघा, साथीत भांडवलाला पहिला फटका बसला तो मजुराच्या बाजूने. यंत्र जागच्या जागी होतं, कापूस होता, पण माणूस निघून गेला.

इथून पुढे आपण सहज असं धरून चालतो की जितके मृत्यू जास्त तितकी गुंतवणूक कमी. मग मी तुम्हाला एक वर्ष दाखवतो, १९०७.

हिंदुस्थानातल्या प्लेगचं सगळ्यात भयंकर वर्ष १९०७ हे होतं. त्या एका वर्षात १३ लाखांहून अधिक माणसं प्लेगने गेली. त्यातला मोठा वाटा पंजाबचा होता, पण मुंबई इलाख्यातूनही प्लेग गेलेला नव्हता. आणि नेमक्या त्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९०७ ला, मुंबईत टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली. लागणारं भांडवल होतं २ कोटी ३० लाख रुपयांच्या आसपास. ते आधी लंडनच्या बाजारात मागून पाहिलं होतं, तिथे काही जमलं नाही. मग मुंबईत मागितलं आणि तीन आठवड्यांत सुमारे ८,००० भारतीयांनी ते उभं करून दिलं. ज्या वर्षी सर्वांत जास्त माणसं मेली, त्या वर्षी देशातल्या सर्वांत धाडसी कारखान्याला लोकांनी आपणहून पैसे दिले!

ह्या कारखान्याचा आपल्या भागाशी संबंध आहे, तो अनेकांना माहीत नसतो. जमशेटजी टाटा नागपूरला एम्प्रेस मिल चालवत होते, ती १८७७ पासूनची. १८८२ मध्ये एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. त्यात चांदा जिल्ह्यातल्या लोहारा इथल्या लोखंडाची माहिती होती, आणि जवळच वरोऱ्याचा दगडी कोळसा होता. म्हणजे पोलादाचं पहिलं स्वप्न वर्धा नदीच्या ह्या खोऱ्यातच पडलं. पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीला चालणारा नव्हता, आणि सरकारच्या खाणपट्ट्याच्या अटी जाचक होत्या. बेत बारगळला. १८९९ मध्ये सरकारने खनिजाचे नियम सैल केले तेव्हा जमशेटजींनी तो पुन्हा हातात घेतला. ह्या वेळी मुंबईत प्लेग चालू होता! १९०४ मध्ये जमशेटजी गेले, मुलांनी शोध पुढे चालवला. चांद्याला पुन्हा पाहणी झाली, पुरेसं काही हाती लागलं नाही, आणि शेवटी कारखाना गेला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. चांदा-वरोऱ्याचं लोखंड का राहिलं? प्लेगमुळे नव्हे. आधी कोळशामुळे आणि कायद्यामुळे, नंतर खनिज पुरेसं नाही म्हणून. गुंतवणुकीचा इतिहास वाचताना साथीच्या माथी सगळं मारून चालत नाही, ते असं.

मग १८९६ मध्ये जे भांडवल भेदरलं होतं, ते १९०७ मध्ये का भेदरलं नाही? इथे माझ्या विषयाची थोडी मदत होते.

अमेरिकेत फ्रँक नाइट नावाचे अर्थशास्त्रज्ञ होऊन गेले. सुरुवातीला त्यांचाही ओढा तत्त्वज्ञानाकडे होता. १९२१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक जोखीम, दुसरी अनिश्चितता. आपण रोजच्या बोलण्यात दोन्ही एकच समजतो. जोखीम म्हणजे काय? फासा टाकला तर काय पडेल ते मला ठाऊक नाही, पण सहापैकी एक पडणार हे ठाऊक आहे. घराला आग लागेल की नाही सांगता येत नाही, पण हजार घरांत साधारण किती जळतात ते सांगता येतं. म्हणून विमा निघतो. अनिश्चितता म्हणजे फाशाला बाजू किती आहेत हेच माहीत नाही. तिथे विमा निघत नाही, हिशोब बसत नाही. नाइट म्हणतात, उद्योजकाचा खरा नफा-तोटा ह्या दुसऱ्या प्रकारातून येतो. गंमत बघा, त्याच १९२१ मध्ये इंग्लंडात केन्स यांचाही संभाव्यतेवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तोही साधारण ह्याच गाठीशी झुंजतो. दोन्ही ग्रंथांची मुळं १९१८ च्या साथीच्या आधीची आहेत, तेव्हा साथीतून हा विचार निघाला असं मी म्हणणार नाही. पण साथ समजून घ्यायला तो फार उपयोगी आहे.

आता १८९६ आणि १९०७ शेजारी शेजारी ठेवा. १८९६ मध्ये प्लेग ही अनिश्चितता होती. तो कसा पसरतो ठाऊक नाही, किती टिकेल ठाऊक नाही, सरकार काय करेल ठाऊक नाही. सरकारने १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा आणला, घरं तपासली, माणसं उचलून नेली. लोक रोगाइतकेच सरकारला घाबरले. १९०७ पर्यंत अकरा वर्षं गेली होती. हाफकिनची लस आली होती, उंदीर आणि पिसवा यांचा संबंध शास्त्रज्ञांच्या हाती लागला होता, कोणत्या महिन्यात साथ वाढते आणि कधी ओसरते हे मुंबईकराला तोंडपाठ झालं होतं. रोग तोच होता, देशभर मृत्यू तर पूर्वीपेक्षा जास्त होते, पण गुंतवणूकदाराच्या लेखी तो अनिश्चिततेतून जोखमीत आला होता. ऐकायला कठोर वाटेल, पण माझा मुद्दा हाच आहे. भांडवल मृत्यूच्या आकड्याला घाबरत नाही. ते न कळण्याला घाबरतं.

एवढ्यावर थांबलो तर ते अर्धंच होईल. भीती कमी झाली म्हणून कोणी पैसा टाकत नाही. टाकायला कारण लागतं. १९०७ मध्ये ती कारणं होती. सरकारने आधीच मान्य केलं होतं की पोलाद दर्जाचं निघालं तर दहा वर्षं दरवर्षी २०,००० टन रूळ आम्ही घेऊ. म्हणजे कारखाना उभा राहण्याआधीच गिऱ्हाईक ठरलेलं. आणि दुसरं, बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट होती. आठ हजार माणसांनी पैसे दिले ते केवळ व्याज मोजून दिले नाहीत. हे आपलं आहे, हे व्हायला पाहिजे, ह्या भावनेनेही दिले. ह्याला मी भरवसा म्हणतो. अर्धा भरवसा करारातून आला होता, अर्धा मनातून.

भरवसा फाजील झाला की काय होतं, तेही इतिहासात आहे, आणि ते सिमेंटच्याच धंद्यात आहे. म्हणून आता १९१८ कडे येऊ.

१९१८ च्या शरद ऋतूत एन्फ्लुएंझाची जी लाट आली, तिने हिंदुस्थानात दीड कोटींच्या आसपास माणसं नेली. काही अभ्यासक ह्याहून कमी सांगतात, काही जास्त. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांपैकी एक होता, आपला यवतमाळ जिल्हा त्यातलाच. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. १९११ ते १९२१ हे जनगणनेतलं एकच दशक असं आहे की देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आणि ह्याच्या लगेच पुढे, १९१९ ते १९२१ च्या सुमारास, हिंदुस्थानात नव्या कंपन्यांचं पेव फुटलं. कारण काय? पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी आणि व्यापाऱ्यांनी भरपूर नफा कमावला होता. विलायतेहून यंत्रं येत नव्हती म्हणून तो खर्च करता आला नव्हता. युद्ध संपलं आणि साठलेला पैसा, थांबलेली मागणी आणि थांबलेल्या ऑर्डरी एकदम मोकळ्या झाल्या. साथीने गुंतवणूक रोखलीही नाही, आणली तर नाहीच. ती युद्धाच्या तालावर नाचली.

सिमेंटमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. १९१४ मध्ये पोरबंदरला कारखाना सुरू झाला. त्यानंतर कटनी आणि लाखेरीचे कारखाने आले. युद्धात परदेशी सिमेंट येईना, सरकारच मोठं गिऱ्हाईक झालं, त्यामुळे ह्या कारखान्यांचं चांगलं चाललं. ते बघून साथीनंतरच्या चार-पाच वर्षांत आणखी कंपन्या उतरल्या. प्रत्येकाने एकच हिशोब केला की युद्धात खप होता, पुढेही राहील. प्रत्येकाचा हिशोब एकेकट्याने पाहिला तर बरोबर होता, सगळ्यांचा मिळून चुकला. क्षमता मागणीच्या फार पुढे गेली. मग दर पाडण्याची स्पर्धा लागली, सिमेंट लागत खर्चाच्याही खाली विकलं जाऊ लागलं, काही कंपन्या बुडाल्या. शेवटी कारखानदारांनी आधी संघटना केली, मग विक्री एकत्र केली, आणि १९३६ मध्ये दहा कंपन्या मिळून एसीसी झाली. आपल्या घुग्गुसच्या सिमेंटमुळे हे नाव तुमच्या ओळखीचं आहेच. ती कंपनी जन्मली, ती साथ आणि युद्ध ह्यांच्या पाठोपाठ आलेल्या अतिउत्साहाचं निस्तरण म्हणून.

आता २०२० मध्ये येऊ. २५ मार्चला टाळेबंदी सुरू झाली. एप्रिल ते जून ह्या तिमाहीत पहिल्या अंदाजानुसार देशाचं उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा २३.९ टक्क्यांनी घसरलं. आणि यंत्रं, कारखाने, बांधकाम ह्यांतली गुंतवणूक किती घसरली? ४७.१ टक्के. म्हणजे उत्पन्न पाव भागाने कमी झालं तर गुंतवणूक जवळजवळ अर्धी झाली. माणूस जेवण पूर्ण थांबवू शकत नाही, पण घराची वरची खोली बांधायचं पुढे ढकलू शकतो. तेच देशाचं.

सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने पैसा स्वस्त केला. रेपो दर ५.१५ टक्क्यांवरून मार्चमध्ये ४.४० आणि मेमध्ये ४ टक्क्यांवर आला. पुस्तकातला नियम असा की व्याज कमी झालं की कर्ज वाढतं, गुंतवणूक वाढते. झालं काय? १५ एप्रिलला बँकांनी ६.९ लाख कोटी रुपये उलट रिझर्व्ह बँकेकडेच नेऊन ठेवले होते. बँकेला कर्ज द्यायची भीती, उद्योजकाला घ्यायची भीती. आदल्या सप्टेंबरमध्ये नव्या उत्पादक कंपन्यांचा कर १५ टक्क्यांवर आणला होता, तोही होताच. पण अंधारात गाडीचं पेट्रोल स्वस्त केलं म्हणून कोणी वेगाने चालवत नाही. आधी दिवा लागतो. अनिश्चितता असताना व्याजदराचं हत्यार बोथट होतं, ही गोष्ट २०२० ने फार स्वच्छ दाखवली.

पुढच्या वर्षी दुसरी लाट आली. मार्च २०२१ अखेर सरकारी नोंदीत करोनाचे मृत्यू सुमारे १ लाख ६२ हजार होते. जूनअखेर ते ४ लाखांच्या घरात गेले. म्हणजे आधीच्या संपूर्ण वर्षात जितकी माणसं गेली, त्याहून जास्त तीन महिन्यांत गेली, आणि ही फक्त नोंदलेली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरातलं माणूस त्या एप्रिल-मेमध्ये गेलं आहे. आणि त्याच तिमाहीत गुंतवणूक आदल्या वर्षाच्या मानाने ५५.३ टक्क्यांनी वाढली. आता आदलं वर्ष इतकं खाली होतं की हा आकडा फुगलेला आहे, २०१९ ची पातळी तेव्हाही गाठलेली नव्हती, हे लक्षात ठेवा. तरीसुद्धा मृत्यू जास्त आणि गुंतवणुकीची घसरण कमी, हे १९०७ सारखंच झालं. टाळेबंदी कशी असते हे आता कळलं होतं, लस आली होती, कारखाना कोणत्या नियमांखाली चालू ठेवता येतो हे ठाऊक होतं. अनिश्चिततेची जोखीम झाली होती. प्लेगला ह्याला दहा-अकरा वर्षं लागली, करोनाला एक वर्ष.

ह्या पार्श्वभूमीवर मुकुटबनचा प्रकल्प ठेवून बघा. त्यावर परिणाम करणाऱ्या चार गोष्टी मला दिसतात.

पहिली गोष्ट जमिनीखालची. सिमेंटचा धंदा चुनखडीला बांधलेला असतो. एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडी लागते, ती ओढून लांब नेणं परवडत नाही, म्हणून कारखाना खाणीपाशी येतो. पैनगंगेच्या ह्या पट्ट्यात चुनखडी आहे, वर्धा खोऱ्यात कोळसा आहे, माजरीहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे दारातून जाते. साथ येवो न येवो, ह्या तिन्ही गोष्टी इथून हलत नाहीत. त्याच कारणाने एकदा भट्टी उभारली की ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही. दुकानदार शटर ओढून सहा महिने थांबू शकतो. अर्धी बांधलेली भट्टी थांबली तर गंजते, आणि कर्जावरचं व्याज थांबत नाही. सुरू न केलेला प्रकल्प साथीत पुढे ढकलला जातो, अर्धा झालेला प्रकल्प साथीत पुढे रेटला जातो. एकाच साथीत, एकाच कंपनीत, दोन उलट निर्णय शहाणपणाचे ठरू शकतात.

दुसरी गोष्ट माणसाची. अशा बांधकामावर फिटर, वेल्डर, गवंडी परराज्यांतून येतात. मार्च-एप्रिल २०२० मध्ये देशभर ही माणसं घराकडे निघाली, कित्येक पायी निघाली. १८९६ च्या मुंबईचंच ते चित्र होतं. दुसऱ्या लाटेत त्यात आणखी एक भर पडली. २२ एप्रिल २०२१ पासून केंद्राने काही मोजके उद्योग वगळता कारखान्यांना ऑक्सिजन देणं बंद केलं, कारण दवाखान्यात तो नव्हता. लोखंड कापायला, म्हणजे गॅस-कटिंगला, ऑक्सिजन लागतो. तेव्हा देशभरची कामं रेंगाळली, आणि ती रेंगाळायलाच हवी होती. एक सिलिंडर लोखंडाला की छातीला, हा निर्णय बाजाराच्या हाती ठेवला नाही, हे योग्यच झालं.

तिसरी गोष्ट गिऱ्हाईकाची. सिमेंट कोण घेणार? २०२१-२२ च्या अंदाजपत्रकात केंद्राने भांडवली खर्च ५ लाख ५४ हजार कोटींवर नेला, त्याच्या पुढच्या वर्षी साडेसात लाख कोटींवर. रस्ते, पूल, रेल्वे, घरकुलं. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचं काम साथीतही चालू होतं, त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. १९०५ मध्ये सरकारने २०,००० टन रूळ घेऊ असं सांगितलं होतं, २०२१ मध्ये तेच वेगळ्या भाषेत सांगितलं. खाजगी माणूस बिचकतो तेव्हा सरकारने गिऱ्हाईक व्हायचं, हा उपाय जुना आहे.

चौथी गोष्ट, जोखीम वाटून घेणारा कोण आहे? ह्याचं सर्वांत चांगलं उदाहरण पुण्याचं आहे. सीरम इन्स्टिट्यूटने लशीला परवानगी मिळण्याआधीच कोट्यवधी मात्रा बनवून ठेवल्या. परवानगी आली ३ जानेवारी २०२१ ला. लस चाचणीत नापास झाली असती तर माल फेकून द्यावा लागला असता. मग हे धाडस कसं झालं? कंपनी एका कुटुंबाच्या हाती, निर्णय झटपट होतो, हे एक. दुसरं असं की २०२० मध्येच गावी ही जागतिक लस-संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी ३० कोटी डॉलरपर्यंतचा भार उचलायची तयारी दाखवली होती. धाडस होतंच, पण ते वाटून घेतलेलं होतं. मागास भागात उद्योग काढणाऱ्याला राज्य सरकार १९६४ पासून प्रोत्साहन योजनेतून सवलती देतं, तेही असंच जोखीम वाटून घेणं आहे. कोळसाही ह्याच काळात सरकारने खाजगी विक्रीसाठी खुला केला. जून २०२० मध्ये घोषणा झाली, नोव्हेंबरमध्ये लिलाव झाला आणि विकल्या गेलेल्या १९ खाणींत आपल्या शेजारची मार्की-मांगली २ ही होती.

आता मला ज्यासाठी एवढं बोलावं लागलं त्या मुद्द्यावर येतो. अनिश्चितता वाटून घेतली की नाहीशी होत नाही. ती कोणाच्या तरी पदरात पडते. मोठ्या कंपनीच्या पाठीशी बँक असते, राज्याची सवलत असते, सरकारी गिऱ्हाईक असतं. ह्याच तालुक्यातल्या छोट्या माणसाच्या पाठीशी काय होतं?

कापसाचं बघा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांचा कापूस घरात होता. खरेदी बंद. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,५५० रुपये होता, पण घेणारं केंद्र उघडं नसेल तर हमीभाव कागदावर राहतो. अशा वेळी जिनिंगवाला नवं यंत्र घ्यायचं कसं ठरवणार? दोन वर्षांनी, २०२२ च्या सुरुवातीला, कापूस १०,००० च्या वर गेला. ज्याने २०२० मध्ये घाबरून माल पडत्या भावात काढला तो मूर्ख नव्हता. त्याच्याकडे थांबायची ऐपत नव्हती. थांबता येणं हीसुद्धा एक मालमत्ता आहे, मंडळी, आणि ती सगळ्यात विषम वाटली गेलेली मालमत्ता आहे.

सरकारने छोट्या उद्योगांसाठी ३ लाख कोटींची हमी-कर्ज योजना मे २०२० मध्ये आणली. चांगली योजना होती, तिने बरेच उद्योग तगले. पण ती ज्यांचं बँकेत आधीच कर्ज होतं त्यांच्यासाठी होती. ज्याने आयुष्यभर बँकेची पायरी चढली नाही, नातेवाइकांकडून आणि व्यापाऱ्याकडून उचल घेऊन पिठाची गिरणी किंवा वेल्डिंगचं दुकान चालवलं, त्याला त्यातून काही मिळालं नाही. आणि पायी गेलेला तो वेल्डर? त्याची गुंतवणूक म्हणजे त्याचे हात. त्यांना कोणी हमी दिली नव्हती.

मोठा कारखाना आला की गावातली माणसंही गुंतवणूक करतात. कोणी कर्ज काढून ट्रक घेतो, कोणी भाड्यासाठी खोल्या बांधतो, कोणी खानावळ काढतो. हे सगळे त्या मोठ्या भट्टीच्या भरवशावर असतात. म्हणून १९१९ ते १९३६ चा इतिहास मी मुद्दाम सांगितला. साथ ओसरल्यावरचा उत्साह फसवा असू शकतो. २०२२ मध्येच एसीसी आणि अंबुजा ह्या दोन्ही कंपन्या अदानी समूहाने घेतल्या, मोठे आणखी मोठे होत आहेत, क्षमता वाढवायची चढाओढ पुन्हा लागली आहे. १९२० च्या दशकासारखंच होईल असं मी म्हणत नाही, आज देश वेगळा आहे, खप वेगळा आहे. पण दर पडले तर कंपनी एक तिमाही तोट्यात काढू शकते, ट्रकचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

तेव्हा पुढच्या वेळी साथ येईल, किंवा साथीसारखं दुसरं काही येईल, आणि कोणी तुम्हाला सांगेल की अमुक इतक्या कोटींची गुंतवणूक येते आहे, तेव्हा रकमेने दिपून जाऊ नका. ग्रामसभेत उभं राहून तीन प्रश्न विचारा. माल घेणार कोण, आणि त्याने तसं लिहून दिलं आहे का? काम बंद पडलं तर मजुराच्या आणि गावच्या छोट्या पुरवठादाराच्या पैशाचं काय? आणि जोखीम वाटून घ्यायची योजना असेल तर तिच्यात ट्रकवाला, जिनिंगवाला, खानावळवाली बाई कुठे बसतात? १९०७ मध्ये आठ हजार लोकांनी पैसे दिले तेव्हा ते भागीदार झाले, नफ्यातही त्यांचा वाटा होता. आपल्याकडे गावाच्या वाट्याला बरेचदा जोखीम येते, भाग येत नाही. ह्यावर काय करता येईल ते माझ्यापेक्षा तुम्ही जास्त चांगलं सांगाल. मी बोलायचं थांबतो, आता तुमचे प्रश्न ऐकू या.